दगडांचा ताप बघणारे मामा

नवा दगड कॉलेजच्या प्रयोगशाळेत आला की मामा आधी त्याच्यावर तळहात ठेवायचे, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग डोळे बारीक करून म्हणायचे, "ह्याला ताप हाय बघा."

आम्ही हसायचो. पण ते अगदीच खोटं नव्हतं. जमिनीखालच्या दगडांत युरेनियम, थोरियमसारखी द्रव्यं किंचित असतात आणि ती सतत थोडी थोडी उष्णता सोडत राहतात. कोल्हापूरच्या काळ्या दगडात ती कमी, बेळगावच्या पलीकडून आणलेल्या ग्रॅनाइटमध्ये जास्त. ती मोजणं हा माझा प्रकल्प होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बिद्रीजवळच्या आमच्या गावी आईला हे सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "त्या धोंड्यास्नी हात लावू नगंस."

मी खरंच लावत नव्हते. हातमोजे घालून, अंग चोरून ग्रॅनाइट उचलायचे. मामा भूशास्त्र विभागातले शिपाई; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. दगड फोडून, दळून त्याची पूड करणं त्यांच्याकडे. मला बघून म्हणायचे, "ताईसाहेब, धोंड्याला भ्याता आन् डिग्री पायजे व्हय?"

एकदा मी त्यांना सांगितलं, किलोभर ग्रॅनाइटच्या उष्णतेवर कपभर चहा करायचा तर लाखो वर्षं लागतील.

"मग राजारामपुरीतल्या टपरीवरनंच मागवूया की," मामा म्हणाले.

दळायच्या खोलीतून ते बाहेर आले की भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. एका दगडाची पूड दुसऱ्यात मिसळू नये म्हणून ते चाळण ब्रशने नाही, तोंडाने फुंकून साफ करायचे. "बरशीत आधीचा धोंडा ऱ्हातो. फुंकर चोख." खिळ्याला मास्क टांगलेला होता. तो लावला की चष्म्यावर वाफ धरते, चाळण दिसत नाही, अशी त्यांची तक्रार. खोकला यायचा तेव्हा ते भिंतीकडे तोंड करायचे आणि आम्ही वहीत बघायचो. तुम्हीही कधी ना कधी असं वहीत बघितलं असेल.

विभागाचा जिना तेवीस पायऱ्यांचा. पहिल्या वर्षी मामा माझे दगड घेऊन तो एका दमात चढायचे. तिसऱ्या वर्षी मधेच थांबून खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

माझे आकडे चुकले ते त्याच वर्षी. दगडाची पूड डबीत भरून, डबी घट्ट बंद करून जवळजवळ महिनाभर ठेवावी लागते. पुडीतून निघणारा एक वायू आत साठला की मगच मोजमाप खरं येतं. मला प्रकल्प जमा करायची घाई होती. मी दुसऱ्याच दिवशी डब्या मोजायच्या यंत्रात ठेवल्या. आकडे फारच कमी आले. स्वतःची चूक माझ्या मनातही आली नाही. मी मामांना म्हटलं, "दळायच्या खोलीतल्या पंख्यामुळे बारीक पूड उडून जात असेल का?"

मामांनी डब्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "आसंल. परत दळतो की."

हवा बाहेर फेकणारा पंखा बंद करून, खिडकी लावून त्यांनी बाराच्या बारा दगड पुन्हा दळले. तीन दिवस लागले. मी बाहेर बाकावर बसून परीक्षेचा अभ्यास करत होते.

पुढच्या आठवड्यात मामा रजेवर गेले. महिना झाल्यावर प्रकल्पाच्या सरांनी माझ्या आधीच्याच डब्या पुन्हा मोजायला लावल्या. सगळे आकडे बरोबर आले. दुसरं दळण लागलंच नव्हतं.

मामा परत आलेच नाहीत. फुप्फुसांत वर्षानुवर्षांची दगडाची धूळ बसली आहे, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं कळलं. मी एसटीने नेसरीकडच्या त्यांच्या गावी गेले. खरं काय ते सांगायचं, म्हणून वाक्य घोकत गेले होते.

मामा बाजेवर गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसले होते. दोन शब्द बोलायचे, श्वास घ्यायचे.

"आकडं... जुळलं न्हवं?"

"जुळले मामा."

"दुसऱ्यांदा... दळल्यालंच?"

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हो. दुसऱ्यांदा दळलेलंच."

त्यांचा चेहरा उजळला. मामींकडे वळून म्हणाले, "बघ. म्हनलं न्हवतं?" मग बराच वेळ दम घेतला. "माझ्या जागंच्या... नव्या गड्याला... फोन करून सांगतो. पंखा... लावू नगं म्हनून."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा प्यायले.

मामा पंधरा दिवसांनी गेले. सुट्टीनंतर मी विभागात आले, तर दळायच्या खोलीचं दार बंद होतं. आत यंत्र चालू होतं. पंख्याचा आवाज नव्हता. दाराखालच्या फटीतून पुडीची पांढरी रेघ बाहेर फरशीवर आली होती.

मी दारावर थाप मारली. यंत्राच्या आवाजात ती आत ऐकू गेली नसावी. मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागले.