सत्तरीतलं घरकुल

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. आपण दिवसभर कुठल्या तरी टेबलासमोर डोकं आपटत असतो. संध्याकाळी घरी आल्यावर नवरा विचारतो, "आज काय झालं?" आपण तावातावानं सांगायला लागतो आणि तो हसायला लागतो. तेव्हा कळतं, आपण ज्याच्यापायी बीपी वाढवून घेतलं तो किस्सा होता! माझ्याकडं असे इतके साठलेत की आता नवरा विचारतच नाही. ताट वाढलं की मीच सुरू होते.

आधी काम सांगते. आमची एक छोटी संस्था आहे. जन्मभर राबून म्हातारपणी ज्यांना डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे कंत्राटी कामगार, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया, अशांना परवडेल अशा भाड्यात एक खोली द्यायची. संडास-मोरी आत, दारात बसायला ओटा. बस्स! शहराबाहेर बिडकीनकडं जागा घ्यायची, पैसा उभा करायचा, मंजुऱ्या आणायच्या आणि बांधायचं. मी सिव्हिलची डिप्लोमावाली. मला वाटायचं, यात अवघड काय ते बांधकाम. बांधकाम वर्षाच्या आत झालं हो! बाकीची सगळी वर्षं आम्ही कागदच बांधत होतो.

* * *

पहिली धडक बँकेत. मी, आमच्या संस्थेचे प्रमुख टाकळकर सर आणि शेषराव मामा असे तिघं गेलो. शेषराव मामा म्हणजे खोल्या मिळणाऱ्यांच्या कमिटीचे अध्यक्ष. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. पेन्शन एवढी की औषधवाल्याकडं जाईपर्यंतच टिकते. 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली सगळी नोकरी गेली, त्याची भरपाई आता करतात.

मॅनेजर साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "प्रोजेक्ट फार हृदयस्पर्शी आहे."

बँकेत हृदयाचा विषय निघाला की समजायचं, कर्ज मिळत नाही.

"पण बघा ना," साहेब म्हणाले, "कर्ज मागताय पंधरा वर्षांचं. राहणारे सगळे सत्तरीचे. पंधरा वर्षांनी हप्ता भरायला असणार कोण?"

मी समजावलं. कर्जदार संस्था आहे, एक माणूस गेला तर खोली दुसऱ्याला जाते, भाडं चालूच राहतं, रांग तर खोल्यांपेक्षा लांब आहे. साहेब मान हलवत राहिले. तेवढ्यात मामांनी विचारलं, "साहेब, तुमची रिटायरमेंट कधी?"

"पुढच्या मार्चमध्ये."

"मंग वसुलीला तुम्ही तरी कुठं राहणार?"

त्या बँकेनं अर्थातच कर्ज दिलं नाही. शेवटी दुसऱ्या एका बँकेनं दिलं, पण सरांचं स्वतःचं घर तारण ठेवून. म्हणजे ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी घर बांधायचं, तर ज्याला आहे त्यानं आधी आपलं पणाला लावायचं! सरांच्या बायकोनं सही केली आणि त्या मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, एक खोली आमच्यासाठी पण धरून ठेवा."

* * *

तरीही पैसा कमी पडत होता. मग एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांकडं अर्ज केला. त्यांनी एक तरुण ऑफिसर पाठवला. फार सज्जन पोरगा. सगळ्यांच्या पाया पडला, चहा घेतला, लॅपटॉप उघडला.

"पाच वर्षांत यातले किती लाभार्थी स्वावलंबी होतील?"

मी म्हणाले, "अहो, ते आत्तापर्यंत स्वावलंबीच होते! आता थकलेत."

त्यानं काहीतरी टाइप केलं. "ओके. पण मग लाभार्थ्यांचा एक्झिट प्लॅन काय?"

मला प्रश्नच कळेना. त्यानं समजावलं, म्हणजे लाभार्थी या योजनेतून बाहेर कसा पडणार? हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढंच जात नाही.

शेषराव मामा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "बाहेर पडायचं व्हय? ते वरून ठरलेलं हाय, साहेब. आमच्या हातात काय नाय!"

पोरगा आधी लाल झाला, मग इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. रकान्यात काय भरलं ते त्याचं त्याला माहीत. पण पैसे आले!

* * *

नकाशा काढायला पुण्याचा एक आर्किटेक्ट फुकट आला होता. फुकट म्हणून मी त्याला काही बोलत नव्हते, खरं तर त्यानं आधी 'ध्यान कक्ष' काढला होता. बायकांनी तिथं पापड वाळवायचे ठरवून टाकले तेव्हा त्यानं तो खोडला.

खरं भांडण पेटलं उंबरठ्यावरून. तो म्हणाला, व्हीलचेअर येणार, वॉकर येणार, उंबरठा नको. नियमही तसाच आहे. झालं! कमिटीत निम्मे लोक उठून उभे राहिले.

नसीम आपा सगळ्यांत पुढं. शहागंजात आयुष्यभर शिलाई केलेली बाई, कापायला बसली की कापूनच ठेवते. "देहलीज नहीं तो घर कायका? गोदाम है वो!"

एक आजी म्हणाल्या, "मंग हळद-कुंकू कुठं वाहू? हवेत?"

बैठका झाल्या, चहा झाला, आरडाओरडा झाला. आर्किटेक्ट बिचारा पुण्याहून येऊन उंबरठ्यावर बोलायचा आणि परत जायचा. शेवटी तोडगा निघाला. दारात काळ्या दगडाची पट्टी बसवायची, पण फरशीच्या बरोबरीनं. दिसायला उंबरठा, पायाला काही नाही. सगळे खूश.

नमुन्याची पहिली खोली झाली तेव्हा मान नसीम आपांना दिला. आपा ऐटीत आल्या, काळी पट्टी पाहिली, जन्माच्या सवयीनं पाय चांगला उंच उचलला, पलीकडं टाकला, आणि तोल जाऊन धाडकन आर्किटेक्टच्या अंगावर!

त्यांना उठवून बसवलं, पाणी दिलं. मी घाबरून विचारलं, "आपा, लागलं का?"

"नक्को पूछो," आपा गुडघा चोळत म्हणाल्या. "जो थीच नहीं, उसकी ठोकर लगी मेरेको!"

* * *

आता कागदांचं ऐका. म्हाळू आबा म्हणजे पैठणकडचे मेंढपाळ. म्हातारपणी मेंढरं विकली, तेव्हा राहायला कुठं नाही. अनुदानासाठी अर्ज भरायला मी त्यांना एका कार्यालयात घेऊन गेले. तिथल्या बाबूंनी विचारलं, "आतापर्यंतचे राहण्याचे पत्ते सांगा."

आबा म्हणाले, "पावसाळ्यात माळावर. उन्हाळ्यात जायकवाडीच्या पाण्याकडं."

"तसं नाही. गाव, घर नंबर, पिनकोड."

"साहेब," आबा शांतपणे म्हणाले, "मेंढरं गवत बघून थांबतेत. पिनकोड बघून नाय थांबत."

बाबूंनी नाइलाजानं 'पत्ता : फिरता' असं टाइप केलं. कॉम्प्युटरनं ते घेतलं नाही. पत्त्याशिवाय अर्ज नाही, आणि घर नाही म्हणूनच तर अर्ज! मी चिडून म्हणाले, "मग आमच्या ऑफिसचा पत्ता टाका."

टाकला. अर्ज गेला. महिन्याभरानं उत्तर आलं, अर्ज नामंजूर. कारण काय? अर्जदार स्लॅबच्या पक्क्या इमारतीत राहतो!

त्या दिवशी मी ऑफिसात एक कप फोडला. मुद्दाम नाही. पण मन लावून फोडला. मग सर स्वतः तीन टेबलं फिरले आणि आबांचा अर्ज जिवंत करून आणला. आबांना सांगितलं तर म्हणाले, "व्हय का? मला वाटलं खोली तीच हाय. मी गोधडी बी आणली होती."

* * *

जमिनीचं सांगायचं राहिलंच. जमीन एका बागायतदाराची होती, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. इंडस्ट्री आल्यापासून त्या भागात भाव रोज वर. भाऊसाहेब प्रत्येक भेटीत म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणल्यावर मी नफा बघणारच नाय, मॅडम. पुण्याचं काम हाय." आणि प्रत्येक भेटीत भाव वाढलेला! पुण्य इतकं महाग असतं हे मला तिथं कळलं.

शेवटी व्यवहार झाला. पायाभरणीला नारळ त्यांनीच फोडला आणि आईबापाच्या सेवेवर भाषण केलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

काही महिन्यांनी एक म्हातारी एसटीनं आली. हातात कापडी पिशवी. खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "मला एक खोली लिवा."

मी अर्ज काढला. नाव सुभद्राबाई. आडनाव, मग लेकाचं नाव ऐकलं आणि पेन थांबलं. भाऊसाहेबांची आई!

"आजी, तुमची तर जमीन आहे."

"लेकाच्या नावावर."

"बंगला आहे."

"लेकाच्या नावावर."

"मग तुमच्या नावावर काय आहे?"

म्हातारीनं पिशवीत हात घातला, चुरगळलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही बीपीची गोळी."

सरांना बोलावलं. नियमानं बघितलं तर म्हातारीचं उत्पन्न शून्य, घर नाही, म्हणजे आमच्या सगळ्या अर्जदारांत जास्त पात्र! म्हातारी रात्री ऑफिसातच झोपली. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले, गाडीचं दार जोरात आपटून.

"मॅडम, आमच्या घराण्याची काय इज्जत राहिली? आई, चल घरी!"

म्हातारी जागची हलली नाही. "तुझ्या बंगल्यात सहा खोल्या. एकीत देव, एकीत पाव्हणे, एकीत ते पळायचं मशीन. मी जिन्याखाली. इज्जत कोणत्या खोलीत ठिवली ते सांग, म्हंजी येते."

भाऊसाहेबांनी सरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग ते बाहेर जाऊन गाडीत बसले. बराच वेळ गाडी सुरूच केली नाही त्यांनी.

आजीला खोली मिळाली. पहिल्या दिवशी खिडकीशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "इथं आमची तूर असायची." बस्स, एवढंच. मग चहाचं पातेलं शोधायला लागली.

* * *

खोल्या दोन प्रकारच्या होत्या. एकट्यासाठी लहान, जोडप्यासाठी जरा मोठी. अनुदान देणाऱ्यांची अट अशी की जोडप्याची खोली जोडप्यालाच द्यायची. एकट्यांच्या खोल्या बघता बघता भरल्या. जोडप्यांच्या दोन खोल्या कुलूप लावून पडल्या आणि बाहेर बाकावर एकटी माणसं रांगेत! मी पत्र लिहिलं, या खोल्या एकट्या माणसांना देऊ का? उत्तर आलं, 'पात्र जोडपी अस्तित्वात नसल्याबाबत खात्री करून कळवावे.' आता जगात जोडपी नाहीत याची खात्री मी कुठून करू?

रांगेत कौसाबाई होत्या. बजाजनगरात कामगारांच्या मेसमध्ये भाकऱ्या थापून हात वाकडे झालेली विधवा. घरमालकाला वर मजला चढवायचा होता, तो रोज 'खोली सोडा' म्हणायचा. आणि रंगनाथराव होते. वाळूजला कंपनीच्या गेटवर वॉचमन होते, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. ते एका मित्राच्या गोडाऊनमध्ये झोपायचे.

दोघं दर सोमवारी आमच्या बाकावर येऊन बसायचे आणि पंख्यावरून भांडायचे. ते पंखा लावायचे, ही बंद करायची.

"उकडतंय बाई!"

"माझे हात दुखतेत वाऱ्यानं! झाडाखाली बसा जावा!"

मला काम सुचायचं नाही. मी पंख्याचं बटणच टेप लावून बंद केलं, तर दोघं मिळून माझ्याशी भांडले!

एका सोमवारी दोघं एकदम आत आले. रंगनाथराव घसा खाकरून म्हणाले, "ती जोडप्याची खोली आम्हाला द्या."

"तुम्ही जोडपं कुठं आहात?"

"लिहा की. कोण बघतंय?"

मी जाम भडकले. "खोटं लिहू? उद्या तपासणी आली तर अनुदान परत जाईल. सरांचं घर जाईल. सगळ्यांच्या खोल्या जातील! तुम्हाला काही कळतं का?"

दोघं मान खाली घालून निघून गेले. पुढच्या सोमवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाक रिकामा पडला. मी शेषराव मामांना विचारलं, तर ते नेमके त्याच वेळी मौनव्रत घेतल्यासारखे गप्प! मला वाटलं, रागावले बहुतेक. फार वाईट वाटलं, पण मी तरी काय करणार होते?

दीड-दोन महिन्यांनी, भर दुपारी, दार ढकलून तिघं आत आले. पुढं शेषराव मामा, धुतलेल्या शर्टात. मागं रंगनाथराव, दाढी घोटून, डोक्यावर कडक टोपी. आणि कौसाबाई, हिरव्यागार नव्या पातळात. मामांनी टेबलावर विवाह नोंदणीचा दाखला ठेवला, शिक्क्यासकट. साक्षीदार म्हणून त्यांचीच सही.

"घ्या मॅडम. आता लिवा जोडपं!"

मी दाखला उलटा-सुलटा करून पाहिला. खरा होता. तोंडातून जे आलं ते रागानंच आलं.

"कौसाबाई, अहो, वय काय तुमचं! एका खोलीसाठी कुणी लग्न करतं का?"

कौसाबाईंनी पदराआडून पुडा काढला. वाकड्या बोटांनी सुतळी सोडायला त्यांना वेळ लागला. मग एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, पहिल्या लगनाला तर खोली बी नव्हती!"