मोजणीच्या गावचं पाणी

मोजणीला गेलेल्या गावात पाणी प्यायचं नाही, हे माझ्या पहिल्या साहेबांनी मला नोकरीला लागल्या लागल्याच बजावलं होतं. चहा तर नाहीच नाही. ज्याच्या घरचा चहा प्याल त्याच्या बाजूनं धुरा सरकला असं दुसरा म्हणणारच, मग तुम्ही कितीही नेमकं मोजा. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या गोंदियाकडे धानाच्या एवढ्याशा बांधीसाठी, म्हणजे खाचरासाठी, सख्खे भाऊ एकमेकांच्या दारी जायचं सोडतात, तिथं माझ्या कपभर चहाची काय कथा! साहेबांचं मला पटलं आणि मी ते पाळलं. कुडव्याच्या घरून निघताना स्कूटीच्या हुकाला पाण्याचा जग आणि डब्याची पिशवी अडकवायची, पायाशी नकाशाची नळी ठेवायची. आई दारात उभी राहून हसायची. "सरकारी नोकरी अन् पानी घरचं," म्हणायची.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात उपअधीक्षक झाले होते. पहिली मोजणी भूकरमापक करतो. ती एखाद्याला पटली नाही, तर त्याच्या वरच्यानं जाऊन पुन्हा मोजायचं. या दुसऱ्या मोजणीला आमच्या खात्यात निमताना म्हणतात. दुसऱ्यानं शिजवलेल्या भातातले खडे निवडायचं काम आहे ते. पहिल्या मोजणीत हरलेला आशेनं बघत असतो, जिंकलेला डोळे वटारून. आणि माझीही मोजणी पटली नाही तर जिल्ह्याकडे अपील करायची मुभा असतेच, त्यासाठी ठरावीक मुदत असते.

चोरखमारा धरणाच्या कालव्याचं पाणी जिथं पोचता पोचता संपतं, तिथल्या एका गावातून असा अर्ज आला. अर्ज एका म्हातारीचा होता. बौद्ध कुटुंबातली, नवरा वारलेला. दोघांनी उभी हयात विड्या वळून गावच्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या भरावाखाली, जमिनीचा एक लहानसा तुकडा घेतला होता आणि त्यात स्वतःच्या हातांनी विहीर खोदली होती. शेजारच्या पोवार शेतकऱ्यानं, गावात त्याला पाटील म्हणत, मुलांच्या वाटण्या करायच्या म्हणून आपलं शेत मोजून घेतलं, तर हद्दीची रेघ म्हातारीच्या विहिरीच्या अलीकडून गेली. जेमतेम एका खाटेएवढ्या अंतरानं विहीर शेजाऱ्याच्या शेतात पडली. जमीन गेली असती तर ती गप्प बसली असती, असं तिनं पुढे मला सांगितलं. विहिरीसाठी मात्र ती बस पकडून ऑफिसात आली आणि अर्ज लिहिणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहिली.

मोजण्या उन्हाळ्यातच होतात. धान कापून बांध्या कोरड्या पडल्याशिवाय साखळी टाकता येत नाही. त्या दिवशी मी आणि आमचा शिपाई सकाळी पोचलो तेव्हाच ऊन तापलं होतं. शेतकरी आधीच येऊन बसला होता, सोबत थोरला मुलगा. साठीचा माणूस, डोक्याला पंचा, बोलणं मोकळं. बाप-लेक आपसात पोवारी बोलत होते, माझ्याशी हिंदी-मराठीची खिचडी. त्यानं स्टीलच्या डब्यातून ताक पुढं केलं. मी नको म्हटलं. "मॅडमजी, ताक में जहर नाई टाकलो," तो म्हणाला. मी म्हटलं, जहर परवडलं, ताक घेतलं तर नोकरी जाईल. तो मोठ्यानं हसला आणि डबा मुलाकडे दिला.

म्हातारी आली ती यानंतर. त्यामुळे हा ताकाचा प्रकार तिनं पाहिला नाही. तो पाहिला असता तर पुढचं झालं नसतं.

ती आली ती घासून चकचकीत केलेला पितळेचा लोटा हातात धरूनच. वरून स्टीलचा गिलास उपडा घातलेला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पानी घ्या मॅडम. थंडं हाये. आपल्या विहिरीचं."

"नको आजी, माझ्याकडे आहे."

"जगातलं पानी त तापलं असन. हे घ्या."

ज्यावर कागद लावून हद्द काढतात त्या प्लेन टेबलचे तीन पाय त्या भेगाळलेल्या जमिनीत काही केल्या नीट बसत नव्हते. उन्हानं माझं डोकं तापलेलं होतं आणि मुळात मी थंड डोक्याची बाई नाही. "नको म्हटलं ना," मी वळूनही न बघता बोलले.

मग मी वळले. ती लोट्याकडे बघत होती.

"समजलं," ती म्हणाली. "या विहिरीचं पानी धानाले चालते. मानसाच्या तोंडाले नाई चालत."

आणि तिनं ते पाणी धुऱ्यावरच्या तुरीच्या धसकटांवर ओतून दिलं.

मला ते वाक्य नीट कळायला थोडा वेळ लागला. पाऊस लांबला की धानाची रोपं, म्हणजे आमच्याकडचे पऱ्हे, सुकायला लागतात. तेव्हा शेजारचा शेतकरी तिच्या विहिरीवर मोटार लावायचा. तीही कधी नाही म्हणाली नव्हती. पण इतक्या वर्षांत त्या घरातल्या कुणी त्या विहिरीचा एक घोट घेतला नव्हता. आणि आता ऑफिसची मॅडमही घेत नाही, म्हणजे मॅडमही त्यांच्यातलीच, असा तिनं हिशेब मांडला. आमच्या शिपायानं मध्ये पडून सांगितलं, "आजी, मॅडम कोनाच्याच हातचं घेत नाही." ती म्हणाली, "सगळे असंच म्हनतात, बाबू."

आता गंमत अशी की मी स्वतः बौद्ध घरातली. आमचं आडनाव असं आहे की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझी आई लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन बसायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर ती ऊन कलेपर्यंत बसायची. हे मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की ती जागा मी न पाहता दाखवू शकेन. आणि त्या आईच्या मुलीला आज हे ऐकून घ्यावं लागत होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. एका वाक्यात सगळं मिटलं असतं: आजी, मी तुमच्यातलीच. पण ते वाक्य बोलले असते तर शेतकऱ्यानं माझ्या मोजणीवर विश्वास का ठेवावा? रेघ तिच्या बाजूनं गेली असती तर पोरानं तिथंच म्हटलं असतं, वा रे निमताना. म्हणून मी पुन्हा टेबलाचे पाय बसवायला लागले.

तलावाच्या पाळीवर हद्दीचा एक जुना दगड होता. पहिली मोजणी तिथूनच झाली होती. मीही तिथूनच सुरुवात केली. शिपाई साखळी ओढत गेला, झेंडी उभी राहिली, मी कागदावर रेघ मारली. रेघ विहिरीच्या अलीकडूनच गेली. शेतकऱ्याचा मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्यानं बापाला मान हलवून सांगितलं. म्हातारी बोरीच्या सावलीत बसली होती. तिला नकाशा कळत नव्हता, पण त्या पोराची मान कळली. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

खरं सांगते, तेव्हा मला मोह झाला. पेन्सिलीच्या टोकाएवढी रेघ तिरकी केली की विहीर वाचते, आणि कुणाच्या बापाला कळत नाही. पण असं एकदा केलं की पुढे कुठल्याच रेघेवर आपलाच विश्वास राहत नाही. मी रेघ जशी होती तशी ठेवली आणि शिपायाला म्हटलं, चला, आता शिवेवरचे दगड.

गावाच्या शिवेवर दोन दगड अजून जागेवर होते. एक येनाच्या झाडाखाली, एक पांदणीच्या तोंडाशी. तिथून पुन्हा मोजत आलो. जेवणाची वेळ टळून गेली, शिपाई वैतागला, मुलगा तर केव्हाच वैतागला होता. त्या दोन दगडांवरून आलेल्या रेघा एकमेकींशी जुळल्या. पाळीवरच्या दगडाशी मात्र जुळेनात. म्हणजे तिघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि दोघं मिळून खोटं बोलतील असं मला वाटेना. मी पाळीवर गेले, दगडाभोवतीची माती पायानं उकरत उभी राहिले.

शेतकरी मागून आला. त्यानंही पायानं थोडी माती उकरली. मग म्हणाला, "मॅडमजी, हा दगड त मशीननं उखडला होता. पाळीचं काम झालं तवा. मंग मजुरांनी पुन्हा गाडून देला."

"याच जागी?"

"आता मजूर का जागा पाहून गाडते का? जिथं गड्डा दिसला तिथं गाडला."

"मग हे पहिल्या मोजणीला का नाही सांगितलं?"

"कोनी पुसलंच नाई," तो म्हणाला.

त्याच्या मुलानं बापाकडे असं पाहिलं की मला त्या माणसाच्या रात्रीच्या जेवणाची काळजी वाटली. एका वाक्यानं त्यानं हाताशी आलेली विहीर सोडली होती. तो साधुसंत नव्हता. त्यानं त्या विहिरीचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. पण दगड हलला होता हे त्याला ठाऊक होतं आणि विचारल्यावर त्यानं ते सांगितलं. माणसं अशीच असतात, अर्धी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या. माझ्या नोकरीत मला याची सवय झाली होती, तरी त्या दिवशी मी त्याला मनापासून हात जोडले.

शिवेवरच्या दगडांवरून आलेली हद्द आम्ही चुन्यानं आखली. विहीर तिच्या शेतात राहिली, तीही काठावर नाही, चांगली आतमध्ये. पंचनामा झाला. शेतकऱ्यानं सही केली, मुलगा मोटारसायकलवर जाऊन बसला. म्हातारीनं अंगठा दिला आणि तो अंगठा तिनं पदराला पुसायच्या आधी विहिरीच्या दगडाला पुसला. निळा डाग तिथं उमटला.

माझा जग केव्हाच रिकामा झाला होता. आता मोजणी संपली होती, कागदावर सह्या झाल्या होत्या. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आजी, आता द्या पाणी."

तिनं हात पुढे केला नाही. लोटा तिच्या बाजूलाच होता, पुन्हा भरलेला. मला वाटलं, ती सकाळचं उट्टं काढणार, आणि काढलं असतं तरी चाललं असतं.

"नाई," ती म्हणाली. "पटलाची अपील बाकी हाये ना? आता पेलीस त तो पोट्टा म्हनन, बुढीनं पानी पाजून मॅडमले फिरवली. मुदत जाऊ दे."

माझाच नियम होता. तिनं स्वतः दुसऱ्या मोजणीचा अर्ज केलेला असल्यामुळे तो तिला माझ्याइतकाच पाठ होता. स्कूटीवरून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि मी एकटीच हसत होते. पहिल्या पानटपरीवर पाण्याचे दोन पाऊच फोडून प्याले.

पाऊस लागला, धानाची रोवणी सुरू झाली, मी ते गाव विसरत चालले होते. एका दुपारी ती ऑफिसच्या दारात उभी. रोवणीच्या चिखलानं पायाची नखं काळी झालेली, काखेत पिशवी. सगळ्या टेबलांसमोरून ती थेट माझ्यापाशी आली. पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि माझ्या फायलींवर ठेवली.

"मुदत गेली," ती म्हणाली. "पटलानं काई केलं नाई. आता पे."

आख्खं ऑफिस बघत होतं. मी बाटली उघडून तोंडाला लावली. बसमध्ये पाणी कोमट झालं होतं, बाटलीला आधीच्या सरबताचा वास होता. अर्धी बाटली मी एका दमात प्याले आणि मग मला राहवेना. तिला मी माझ्या आईचं सांगितलं, ती घागर, ते बसून राहणं, सगळं. तिनं खुर्चीत बसून शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग तवा काऊन नाई सांगतली?"

"सांगितलं असतं तर पाटलानं मोजणी मानली असती का?"

तिनं विचार केला. "बरी केली," म्हणाली. मग बाटलीकडे बोट दाखवून, "पुरी नोको पेऊ. उरलं ते तुया मायले नेजो."

मी विचारलं, पाटील कधी प्याले का हे पाणी? ती उठली, पिशवी काखेत मारली. "तो पेवो नाई त नोको पेवो. विहीर माही हाये," म्हणाली आणि बस चुकेल म्हणून निघाली.

संध्याकाळी कुडव्याला आईच्या हातात बाटली दिली आणि सगळी हकीकत सांगितली. आई गिलास घ्यायला आत गेली नाही. तिथंच ओसरीवर बसून तिनं उरलेलं पाणी संपवलं, शेवटचा थेंबही. मग पदरानं तोंड पुसून मला विचारलं, "किती खोल हाये विहीर?"

मी म्हटलं, माहीत नाही. नकाशात खोली येत नाही.

"दोघा जनाईनं हातानं खंदली म्हनतेस," आई म्हणाली, "अन् खोल किती ते नाई पुसली तू?"

नव्हतं विचारलं. आईनं रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती फेकायला दिली नाही.