घर बायकांचं

इराकची लढाई सुरू झाली त्या वर्षी मी अ‍ॅरिझोनात, नवाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या मुलखातल्या एका लहान गावात जमिनीचे नकाशे काढायच्या कामावर होते. नवरा फिनिक्सला, सॉफ्टवेअरमध्ये. गावाच्या समितीनं ठरवलं होतं, जमिनीचे नियम आता वॉशिंग्टनच्या भाषेत नकोत, पूर्वजांच्या कायद्याप्रमाणे लिहायचे. मी नागपूरची. पूर्वजांच्या कायद्याचं पुस्तक जाळल्याची गोष्ट आमच्या घरी मुलांना अभिमानानं सांगत. इथे लोक हौसेनं जुना कायदा परत आणताना पाहून मला धास्तीच वाटली.

तो कायदा सांगायला एक म्हातारा येई, पिकअपमध्ये बायकोला शेजारी बसवून. इंग्रजी त्याला येत होतं, पण कायद्याचं बोलताना तो नवाहोतच बोले आणि त्याच्या मेहुणीची मुलगी, आमच्या ऑफिसातली कारकून, ते आम्हाला इंग्रजीत सांगे. ती त्याला बाबाच म्हणायची. त्यांच्यात मावशी म्हणजे आईच, मग मावशीचा नवरा बाप. पहिल्या भेटीत त्यानं मला माझं कूळ विचारलं. हा प्रश्न टाळत टाळत तर मी इथवर आले होते. तो म्हणाला, कूळ कळलं की तुला कुठल्या नात्यानं हाक मारायची ते कळतं. कूळ नाही म्हटल्यावर त्यानं मला नात करून टाकलं.

त्यानं सांगितलेला कायदा साधा होता. घर आणि चराईची जमीन आईकडून लेकीकडे जाते. नवरा बायकोच्या माणसांत राहायला येतो; ती गेली की आपल्या आईच्या माणसांत परततो. पण ज्याला परतायला कोणी उरलंच नाही, त्याला बायकोच्या माणसांनी मरेपर्यंत सांभाळायचं.

फिनिक्सहून आणलेल्या वकिलानं पहिला भाग नीट लिहून घेतला आणि शेवटचा खोडला. त्याचं म्हणणं, हक्क लिहिता येतो, माया लिहिता येत नाही. कोणी सांभाळलं नाही तर कोर्टानं करायचं काय? म्हातारा या वेळी थेट इंग्रजीत म्हणाला, "अर्धं लिहिणार असाल तर लिहूच नका."

समितीला घाई होती. नियम मंजूर झाले, मटण शिजलं, सगळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या खांद्यावर लोकरीचं ब्लँकेट घातलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याची बायको हॉस्पिटलात वारली, किडनीच्या दुखण्यानं. त्यांना लेक नव्हती. बर्फ वितळायच्या आत मेहुणीच्या मुलीनं घरावर हक्क सांगितला. तिचंही खोटं नव्हतं. ती पोरांना घेऊन पत्र्याच्या ट्रेलर-घरात राहत होती, थंडीत नळ गोठत. माय मरो पण मावशी जगो, असं आपण म्हणतो. मावशीच्या नवऱ्याबद्दल आपणही काही म्हणून ठेवलेलं नाही.

नव्या नियमाप्रमाणे न्यायाधीश नव्हता. नातलग गोल बसले, एक वयस्क पंच मध्यस्थीला होता, आणि मी नकाशा घेऊन कोपऱ्यात. कोणाचा आवाज चढला नाही. सगळेच त्याला बाबा, काका, आजोबा म्हणून बोलत होते. पंचानं त्याच्या आईच्या माणसांची चौकशी केली. बहिणी वारल्या होत्या. एक भाचा अल्बुकर्कला, त्याची कित्येक वर्षं गाठ नव्हती. तर मग भाच्याकडे जावं, असं निघालं.

"बाबा, घर बायकांचं, हे तुम्हीच सांगितलंत," ती म्हणाली.

"सांगितलं."

"मग तुमची संमती आहे?" पंचानं विचारलं.

नाही म्हणणं म्हणजे गोतात फूट पाडणं, हेही त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. त्यानं मान हलवली. पंचानं सगळ्यांचे आभार मानले. कोणीतरी कॉफी ओतायला घेतली.

भाच्याचा फोन लागलाच नाही. मेंढ्या विकल्या गेल्या आणि म्हातारा हायवेवरच्या शहरात, वृद्धांच्या सरकारी खोल्यांत राहायला गेला. फिनिक्सला जाताना मी तिथे थांबायची. तो मेंढ्यांची चौकशी करी, माणसांची कधीच नाही. मी काही विचारलं तर खिडकीबाहेरच्या ट्रककडे बघत बसे.

दुसऱ्या वर्षी पानगळीत त्याला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा तो मला म्हणाला, घरी ने. मी ऑफिसात तिला सांगितलं. ती रडली, आणि ते रडणं खरं होतं. मग डोळे पुसून म्हणाली, "घरात माणूस मेलं तर आमच्यात ते घर सोडावं लागतं. पोरांना घेऊन मी कुठे जाऊ?"

हाही जुना कायदाच होता, आणि हा मात्र कोणी न लिहिता पाळला जात होता.

तो हॉस्पिटलातच गेला. ती काही दिवस कामावर आली नाही. आली त्या सकाळी शेजारच्या गावाहून फोन आला. आमचे नियम चांगले झालेत असं त्यांच्या कानावर गेलं होतं, त्यांना प्रत हवी होती. तिनंच ती पाठवली.