शर्मिलाचं कोपर

शशिकांत साळवे मूळचा नगरचा ख्रिस्ती, कुवेतमध्ये फहाहीलजवळच्या रिफायनरीत पंपांचा फोरमन. पंप बिघडायच्या आधीच आपल्याला आवाजावरून कळतं, असं तो सांगायचा. त्यातलं निम्मं खरं धरावं. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मात्र तो गायक. शहरातल्या छोट्या लूथरन मंडळीच्या उपासनेत तो आणि त्याची बायको शर्मिला तीनशे वर्षांपूर्वी बांधलेली जर्मन कोराल गीतं गायचे.

कोरालची चाल सोपी, सगळ्या मंडळीला म्हणता येईल अशी. खरी कारागिरी चालीखाली विणलेल्या तीन आवाजांची. शर्मिला चालीच्या लगेच खालचा आवाज गायची, शशिकांत अगदी तळाचा खर्ज. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक थांबा. तिथे सगळ्यांनी सूर धरून ठेवायचा आणि संचालिकाबाईंचा हात हलला की एकदम पुढची ओळ घ्यायची. शशिकांतला एवढा धीर कुठला! जेवायला बसला तरी वाढणारीच्या आधी याचा हात भातात. थांब्यावर तो हमखास आधी शिरायचा आणि गाण्याचा विचका करायचा. शेवटी शर्मिलानेच तोड काढली. ती त्याच्या शेजारी उभी राहायची आणि वेळ झाली की कोपराने ढोसायची. वर्षानुवर्षं तो असाच गायला, आणि खर्जाचं कौतुक झालं की ते खुशाल एकटाच घेऊन मोकळा व्हायचा.

मग शर्मिलाच्या पोटातलं दुखणं निघालं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हॉस्पिटलात ती म्हणाली, "माझ्या स्मरणाच्या उपासनेत आपलं संध्याकाळचं कोराल म्हणा. आणि अहो, घाई करू नका."

"तू आहेस ना ढोसायला," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. ती हसली.

नगरला तिला माती देऊन तो परत आला. स्मरणाच्या उपासनेच्या शुक्रवारी गाडी मुलगी ज्ञानदा चालवत होती, आणि शशिकांत वाटभर खर्ज घोकत होता. तिने मागितलेलं हे शेवटचं, ते आपल्या हातून नासू नये एवढीच त्याला धास्ती होती.

पहिले थांबे त्याने बाईंच्या हाताकडे डोळे लावून निभावले. शेवटच्या ओळीआधी डोळे भरून आले आणि हात दिसेना. तो सवयीने कोपराची वाट पाहत राहिला. बाकीचे पुढे गेले, ओळ संपवून गप्प झाले.

तेव्हा त्याने ती ओळ घेतली, एकट्याने. चालीशिवाय नुसता खर्ज म्हणजे गाणं नव्हेच; काही जड सूर, ओळखूही न येणारे. बाईंनी त्याची ओळ संपेपर्यंत हात वर धरून ठेवला.

बाहेर आल्यावर ज्ञानदाने त्याचा दंड धरला. "यू वेअर लेट, बाबा."

"हो गं," तो म्हणाला. "तिनं ढोसलंच नाही."