बाईंनी लपवू न दिलेली दोन वर्षे

सामंतबाईंची आणि माझी पहिली भेट सिल्वासातल्या आमली भागात, त्यांच्या घराच्या ओटीवर झाली. मी धाग्याच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी बायोडेटा करून घ्यायला गेलो होतो. बाईंनी शिक्षण विचारले नाही, वय विचारले नाही. म्हणाल्या, "मशीनवर धागा तुटला की काय करतोस, ते हाताने करून दाखव." समोर मशीन नाही, धागा नाही आणि मी शिरपूरकडचा गडी हवेत बोटे नाचवतोय. ओटीवर बसलेल्या बायका हसल्या. बाई मात्र पेपर तपासायला घेतल्यासारख्या गंभीरपणे बघत होत्या.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. सिल्वासातल्या शाळेत त्यांनी मराठी शिकवले आणि निवृत्त झाल्यावर सुट्टीच्या दिवशी लोकांना बायोडेटा करून देणारी ही ओटी सुरू केली. त्यांच्या मते बायोडेटाचे तीनच प्रकार. एक उलटा, म्हणजे आत्ताची नोकरी वर आणि जुन्या खाली. एकाच जागी टिकून वर चढलेल्यांसाठी. दुसरा कामाचा, म्हणजे येते काय ते आधी आणि कंपन्या नंतर. तिसरा दोन्ही मिळून. कोणाला कोणता, हे माणूस हाताने काम करून दाखवेपर्यंत त्या ठरवत नसत.

मी त्या वेळी अडचणीत होतो. ठेकेदाराच्या हाताखाली दादऱ्यात थोडे दिवस, रांध्याला थोडे दिवस असे करत बऱ्याच कंपन्या फिरलो होतो. त्यात आईला अर्धांगवायू झाला म्हणून दोन वर्षे गावी राहिलो. आता एका कारखान्यात पक्की जागा निघाली होती. ती मिळाली नसती तर बायको-मुलीला घेऊन गावी परत जायचे, असे घरात ठरले होते.

बाईंनी माझ्यासाठी कामाचा प्रकार निवडला. उलट्यात माझ्या कंपन्यांची रांग पाहून साहेब म्हणाला असता, हा टिकणारा नव्हे. इथवर आमचे जमले. पण शेवटी त्यांनी ती दोन वर्षेही लिहायला घेतली, तेव्हा मी घाबरलो.

"बाई, ते नका टाकू. गॅप दिसला तं पहिले मलाच बाजूला काढतील. तारखा जराशा ओढून घ्या ना."

मला ते हात दाखवून अवलक्षण वाटत होते. बाईंनी चष्मा काढला.

"आईचं केलंस ती चोरी आहे का रे?"

"नाही."

"मग लपवतोस कशाला? कामाचं वर घेतलंय ते तुझं काम आधी दिसावं म्हणून, खोटं झाकायला नव्हे." आणि त्यांनी लिहिले : आईच्या आजारपणात घरी, शुश्रूषा.

मुलाखतीत गुजराती साहेबांनी कागद पाहून आधी धागा तुटण्याबद्दलच विचारले. ओटीवर हवेत केलेले सगळे मी घडाघडा सांगितले. मग त्यांचे बोट खाली त्या ओळीवर आले. "दो साल माँ के पास थे?" मी हो म्हणालो. "अब कैसी हैं?" काठी घेऊन चालते म्हणालो. साहेबांनी मान हलवली. जागा मला मिळाली. पुढे आई इथे राहायला आली तेव्हा बाईंनी तिला मुद्दाम बोलावून ती ओळ वाचून दाखवली. आई म्हणाली, "मना आजार बी कामले उना!" आपला आजारही कामी आला म्हणून तिला इतके हसताना मी फार दिवसांनी पाहिले.

बाई प्रेमळ आहेत, पण जिभेला धार आहे. एक तरुण लग्नाच्या बायोडेटातच नोकरीचा मजकूर घालून आला होता. वर गणपती, खाली रास आणि मामाचे गाव. बाई म्हणाल्या, "कंपनीला तुझ्याशी सोयरीक करायची नाही. मामांना घरी राहू दे." डिप्लोमा झालेल्या एका मुलीने संगणकावर रंगीत बायोडेटा केला होता. त्यात मराठी ऐंशी टक्के येते, असा पट्टा काढलेला. "उरलेले वीस टक्के कोणाला दिलेस?" बाईंनी विचारले. मग तिच्याजवळ बसून साधा, शिक्षण वर असलेला बायोडेटा केला आणि पोहे खाऊ घालूनच सोडले. आज ती मुलगी बाईंवरच्या या गौरवग्रंथाच्या समितीत आहे.

त्याच समितीने बाईंचा परिचय लिहायचे काम मला दिले. शेकडोंचे बायोडेटा करणाऱ्या बाईंचा स्वतःचा एकही नव्हता. त्यांनी सांगायला सुरुवात केली : "एम.ए., बी.एड., शिक्षिका, निवृत्त. संपलं." उलट्या प्रकारात सगळ्यात वर "निवृत्त" आले असते आणि ओटीचा मागमूसही उरला नसता. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला कामाचाच लागेल." त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनने ओटी बंद होती, ते महिने नको लिहूस. लोक म्हणतील, बाई आता थकल्या. मग येणार नाहीत."

बाईंना कशाची भीती वाटते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

"ऑपरेशन केलंत ती चोरी आहे का बाई?"

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "लिही."

मी लिहिले. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त तो परिचय या ग्रंथात आला आहे. ओटीच्या कामापुढे "कधीपर्यंत" या रकान्यात मी "आजतागायत" असे लिहिले आहे. बाईंचे गुडघे बळकट राहोत, जिभेची धारही तशीच राहो. त्यांच्या शंभरीला हा बायोडेटा आम्ही नवा करू, आणि तेव्हाही तो शब्द आम्हाला बदलावा लागू नये.