साटीन, मॅट आणि आप्पांचा बैल

घरामागच्या मांगरात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, उभ्या असलेल्या जुन्या गाडीखाली आप्पांनी एक डबा ठेवलाय. तेल थेंबथेंब गळतं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस डबा भरलेला असतो. आमच्या घरातले किस्सेही असेच साठतात. लग्न होऊन मला इथे सहा महिने झाले. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे माझा डबा जरा लवकर भरला.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांच्या लग्नाच्याही आधीची. चालते, पण चालवणारं कुणी नाही. आप्पांचे गुडघे गेलेत, माझ्या नवऱ्याला, निखिलला, ऑफिसातून वेळ नाही. म्हणून ठरलं, स्वस्तात रंग द्यायचा आणि पुण्याच्या एका हौशी गिऱ्हाइकाला विकून टाकायची. आप्पा लगेच हो म्हणाले. फक्त रंग तेवढा ठरेना!

*

रंगारी बाळादा. बंदरावर होड्या रंगवतो, मधूनमधून गाड्या. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ग्लॉस नको, आप्पा. चकचकीत रंगात एकेक पोचा उठून दिसतो. पत्रा सरळ करण्यातच सगळे पैसे जातील. मॅट नायतर साटीन घ्या, झाकून नेतात."

"म्हणजे लग्नातला मेकअप," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

*

गाडीचा मूळ रंग सायीचा. शेडकार्डवर पांढऱ्याच्याच चौदा छटा. आप्पांनी चष्मा लावून एकेकीची ओळख करून दिली. ही ताक, ही पेज, ही आमच्या डेपोतल्या हेडक्लार्कचा शर्ट. साय सापडायला तीन आठवडे लागले. सापडली तेव्हा ती पहिल्याच ओळीत होती.

*

मॅट सगळ्यात स्वस्त, म्हणून बाळादाने एका जुन्या पत्र्यावर तो मारून दिला. आप्पांनी पत्रा परीक्षेला ठेवला, तो नेमका पिकल्या जांभळाच्या झाडाखाली. दोन दिवसांत पत्रा जांभळा! घासला, धुतला, डाग हलेनात. मॅट बाद.

"वाडीत दुसरं झाड नव्हतं?" बाळादाने विचारलं.

आप्पा चहा प्यायला आत गेले.

*

राहिलं साटीन. तर आप्पा म्हणाले, देवीचा कौल घेऊ. गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर साटीन, डावी पडली तर अजून थांबायचं.

"साटीन म्हणजे काय, ते देवीला सांगा आधी," गुरव म्हणाला.

आप्पांनी विचार केला. "हिच्या लग्नातल्या परकराचं कापड."

सासूबाई गाभाऱ्याच्या छताकडे बघायला लागल्या. उजवी पाकळी लगेच पडली. आप्पा बराच वेळ डावीकडे बघत राहिले.

*

डाव्या मडगार्डवर ताटाएवढा पोचा आहे. येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा सांगतात, "बैलाने मारलंन." बैल कधी पांढरा, कधी तांबडा, एकदा तर रेडा होता. मी एक पाहून ठेवलंय. गोष्टीत बैल आला की आईंना, म्हणजे सासूबाईंना, गॅसवरचं दूध आठवतं.

बाळादाने बाकीचे पोचे पुट्टीने भरले. या पोच्यापाशी आला तेव्हा आई स्वयंपाकघरातून थेट मांगरात आल्या.

"बाळा, तेवढा राहू दे," म्हणाल्या आणि परत गेल्या.

*

गिऱ्हाईक आलं. साटीन बघून खूश. हात फिरवत फिरवत डाव्या मडगार्डपाशी थांबलं. हे काय, म्हणून विचारलं.

"बैलाने..." आप्पांनी सुरुवात केली.

"बैल नव्हता," आई म्हणाल्या. "मी होते. लग्नाला महिना झाला होता, हे गाडी शिकवत होते. समोरच्या दगडी गडग्यावर घातली मी. घरात ओरडतील म्हणून यांनी बैल सांगितलंनी."

चाळीस वर्षांचा बैल असा गेला. आईंनी खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"तुला शिकायची आहे ना गो?"

होती. पण मी हे कधी कुणाला बोलले नव्हते.

गिऱ्हाइकाच्या हातातला चहा तसाच. आप्पांनी गुडघे सावरत डावीकडचं दार उघडलं, आत बसले, काच खाली केली.

"घे हळू," म्हणाले. "बैल आला तर सांगतो."