रुमाल, पाय आणि अथेन्सची टेकडी

"ताई, पाय आत जाऊन न्हाई राहिला."

फोन ग्रीसमधून होता, अथेन्सहून. हिंगोलीत माझं कृत्रिम पाय बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. बोलत होते सेनगावकडचे एक रिटायर गुरुजी. जीपच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. नवा पाय मीच करून दिलेला.

गुरुजींनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकात अथेन्सच्या टेकडीवरच्या प्राचीन देवळाचा एक काळपट फोटो होता. पोरं दरवर्षी विचारायची, गुरुजी, तुमी पाहिलं का? हे म्हणायचे, पाहीन. पाय गेल्यावर गावानं तो विषय सोडला, गुरुजींनी नाही. मुलगा विजय जर्मनीत नोकरीला लागला, त्यानं तिकीट पाठवलं, तशी स्वारी माझ्यापुढे हजर. टेकडी चढायची हाय म्हणे, अन् तिथला दगड लोकांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झालाय. मग मी त्यांना जवळच्या नरसी गावी नेलं. तिथल्या कयाधू नदीच्या घाटावरच्या ओल्या पायऱ्या महिनाभर चढायला-उतरायला लावल्या. दोनदा चांगले आपटले. उठून पुन्हा चढले.

आणि आता ऐन वेळी हे. पायाचा जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. तो ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट. सॉकेट अगदी मापाचं असतं. विमानात बसून बसून तुमचे-आमचे पायही सुजतात. कृत्रिम पाय घातलेला असला तर सॉकेट स्टंपला दाबून धरतं. काढून ठेवला तर स्टंप सुजतो आणि पाय पुन्हा चढत नाही. म्हणून मी बजावलं होतं, विमानात पाय काढायचा नाही.

"काढला होता ना?" मी विचारलं.

मग हळूहळू बाहेर आलं. विमानात जेवण आलं. गुरुजींना पाय लोंबकळत ठेवून घास उतरत नाही. मांडी घातल्याशिवाय हा माणूस कधी जेवलेला नाही. त्या अरुंद खुर्चीत पायासकट मांडी बसेना. म्हणून पाय काढून सीटखाली सरकवला, मांडी घालून झकास जेवले आणि तसेच झोपी गेले. थेट अथेन्सलाच जागे झाले.

मला असा संताप आला! पण परदेशातला फोन, रागवायला वेळ कुठला. वडिलांसोबत फिरायला जर्मनीहून अथेन्सला आलेल्या विजयनं रिसीव्हर घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना अथेन्स सोडायचं होतं, म्हणजे हातात फक्त सकाळ. तो म्हणाला, व्हीलचेअर आणतो, अण्णा खालूनच बघतील. मागून गुरुजींचा आवाज आला, "लांबून तर पुस्तकातबी दिसत होतं."

जबरदस्तीनं पाय घातला असता तर कातडी सोलली असती. सूज उतरवायला क्रेप बँडेज हवं होतं. तिथं सुट्टीचा दिवस, जवळपासची औषधाची दुकानं बंद. हॉटेलचे टॉवेल जाड. लांब, मऊ, सुती असं काहीतरी पाहिजे होतं. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी गुरुजींना फोनवर बोलवलं.

"गुरुजी, डोक्याला रुमाल हाय का?"

"हाय की."

आमच्याकडे फेट्याला रुमाल म्हणतात. पांढरा, पातळ, हातांनी मोजत बसावं एवढा लांब.

"तो सोडा अन् पायाला बांधा."

मी काय मागत होते ते मला चांगलं कळत होतं. पायाला लागलेलं कापड आमच्यात पुन्हा डोक्यावर जात नाही. आणि जाणता माणूस उघड्या डोक्यानं हिंडला तर लोक समजतात, घरात कोणी गेलं.

"ताई, हे काय सांगून राहिल्या तुमी?"

"टेकडी चढायची का न्हाई?"

"चढायची."

"मग सोडा रुमाल."

विजयला मी बांधायची रीत सांगितली. घडी घालून पट्टी करायची. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे, टोकाला घट्ट, वर सैल. मुंग्या आल्या की सोडून पुन्हा बांधायचं. रात्रभर पाय उशीवर. फोन ठेवला, पण त्या दिवशी माझ्या हातून एक काम धड झालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयचा फोन आला. सकाळी पाय बसला. अण्णा वरपर्यंत गेले, हात दिला तो घेतला नाही. वर पोचून म्हणाले, नरसीचा घाट यापेक्षा वाईट हाय. मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले.

गुरुजी पुढे जर्मनीला लेकाकडे राहिले. काही दिवसांनी काकू, म्हणजे गुरुजींची बायको, तावातावानं वर्कशॉपमध्ये आल्या. हातात पोस्टानं आलेला फोटो. मागे उंच खांब, कडक ऊन, आणि गुरुजी काठीशिवाय ताठ उभे. डोकं उघडं, पांढरे केस वाऱ्यानं उडालेले.

"हे असे उघड्या डोक्यानं काहून उभे हायेत?" काकूंनी फोटो माझ्यापुढे धरला. "तिकडं कोण गेलं? मला खरं सांगा."

मी सगळं सांगितलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले, फोटो पुन्हा नीट पाहिला.

"मला काय म्हाईत," त्या म्हणाल्या, "न्हाईतर दोन रुमाल दिले असते."

आता विमानानं जाणाऱ्या पेशंटला मी पहिलं सांगते, पाय काढू नका. ऐकत कोणीच नाही. म्हणून दुसरं सांगते, रुमाल दोन न्या.